पोरे आमची, बोली तुमची

शीव म्हणजे हद्द. इंग्रजांची मुंबई इथे संपायची आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी सुरू व्हायची, म्हणून हे नाव; टेकडीवरचा पडका किल्ला त्या हद्दीची राखण करण्यासाठी सतराव्या शतकात बांधलेला. हद्दीवर राहणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. माल कोणत्या बाजूने जातो आणि जकात कोणाच्या पेटीत पडते, हे तो बघत असतो. शीवपासून परळ-लालबागपर्यंतच्या कबड्डी मंडळांचा माल 2014 पासून हद्दीपलीकडे चालला आहे आणि जकातीचा छदामही मंडळाच्या पेटीत पडलेला आम्ही पाहिला नाही. ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटापुढे बसलेल्या वाचकांना हे कडू बोल ऐकवावेत की नाही, याचा थोडा विचार केला. पण ताटात चकली असते ती काही गोड नसते, असे म्हणून लिहावयास बसलो.

आमच्या नाक्यावर एक तक्रार बारा महिने चालते. "लीगने आमची पोरे पळवली हो!" संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर बसून हे वाक्य म्हणणाऱ्यांत बहुधा जुने खेळाडू असतात, एखादा मंडळाचा माजी चिटणीस असतो, आणि ज्याने आयुष्यात कधी मध्यरेषा ओलांडली नाही असा एक तरी गृहस्थ असतोच. तक्रार अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी खोटी आहे आणि ती खोटी बाजू आधी निकालात काढल्याशिवाय खऱ्या बाजूला कोणी कान देणार नाही.

पळवापळवी काही 2014 साली जन्माला आली नाही. ज्या काळाच्या आठवणी काढून ही मंडळी उसासे टाकतात त्या काळातही चांगला चढाईपटू दिसला की त्याच्या घरी माणूस जात असे. तो माणूस गिरणीचा असे, गोदीचा असे, पुढे पोलीस, रेल्वे, बँका, मोठे कारखाने यांचा असे. तो आईला नमस्कार करी, चहा घेई, आणि "आमच्याकडून खेळू द्या, नोकरीचे आम्ही बघतो" म्हणे. हीसुद्धा बोलीच होती. फक्त ती बंद दाराआड लागे आणि तिचा आकडा रुपयांत नसून आयुष्याच्या वर्षांत असे. मुलगा 20 वर्षांचा असताना लागे आणि 58 व्या वर्षी सुटे. मध्ये प्रॉव्हिडंट फंड, आजारपणाची रजा, बहिणीच्या लग्नाला कर्ज. मंडळाचा खेळाडू गेला म्हणून तेव्हा कोणी रडले नाही, कारण तो जातच नव्हता. कामावरून सुटला की त्याच गल्लीत परते, लेंगा खोचून मैदानात उतरे, आणि धाकट्या पोरांचे कान धरून त्यांना पट काढायला शिकवी. मंडळाला पैसा मिळाला नाही, पण शिक्षक मिळाला.

तो व्यवहार लीगने मोडला नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर भोंगे एकेक करून कायमचे थांबले. बँकांतल्या भरत्या आटल्या. ज्या देना बँकेच्या संघाचे नाव कबड्डीच्या मैदानावर आदराने घेतले जाई ती बँकच 1 एप्रिल 2019 ला बडोदा बँकेत विलीन झाली. एअर इंडियाचा संघ म्हणजे आमच्या पोरांचे स्वप्न. ती कंपनी जानेवारी 2022 मध्ये सरकारने विकली. आज कंपन्यांचे संघ आहेत, नाहीत असे नाही. पण कायम नोकरीच्या जागी बहुतेक ठिकाणी करार आला आणि पगाराच्या जागी मानधन. सरकारी नोकरीत खेळाडूंना शेकडा 5 जागा राखीव आहेत खऱ्या, पण त्या मैदानातल्या सर्व खेळांच्या सर्व पोरांत वाटून घ्यायच्या आहेत. तेव्हा लीगने पोरे पळवली म्हणण्यापूर्वी, ती पळाली तेव्हा घरात चूल पेटत होती का, एवढे विचारावे.

दुसरी एक ओरड आमच्या शिक्षकांच्या खोलीत ऐकू येते. "माणसांचा लिलाव! काय हा काळ आला!" हे म्हणणाऱ्यांच्या भावनेविषयी आम्हाला आदर आहे, विचाराविषयी नाही. बैलाच्या बाजारात बैलाला भाव कळत नाही आणि पैसा धन्याला मिळतो. इथे भाव साऱ्या देशाला ऐकू जातो आणि पैसा ज्याचा त्याला मिळतो. 2014 च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेशकुमारवर लागली, 12 लाख 80 हजारांची. 2018 साली आपल्या मुंबईच्या रिशांक देवाडिगाला 1 कोटी 11 लाख मिळाले. त्याच वर्षी चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाकडून चमकला आणि 2019 मध्ये तेलुगू टायटन्सने त्याला 1 कोटी 45 लाखांना नेला. म्हणजे कोट्यधीश संघांनाही आपले माणूस धरून ठेवता येत नाही, ते दुःख एकट्या आमच्याच वाट्याचे नाही. 2023 साली पवन सेहरावतचा आकडा 2 कोटी 60 लाख 50 हजारांवर गेला. हुतूतूच्या पोराला एवढे पैसे! मिळू देत. क्रिकेटवाल्याला मिळाले तेव्हा कोणाला माणसांचा लिलाव आठवला नव्हता.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की हा पैसा ज्या झाडाला लागला त्या झाडाच्या मुळाशी तांब्याभर पाणी कोणी घालत नाही.

खेळाडू घडतो कसा ते ज्यांनी घरात पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगतो. दहा-अकरा वर्षांचे पोर भावाच्या मागून मैदानावर येते. दोन वर्षे त्याच्याकडून माती चाळून घेतात, पाणी मारून घेतात. मग कधीतरी एक दिवस संघात एक जण कमी पडतो आणि त्याला उभे करतात. तेथून पुढे आठ-नऊ वर्षे कोणीतरी त्याच्यामागे उभे असावे लागते. हे कोणीतरी म्हणजे बेस्टमधून किंवा महापालिकेतून कामावरून सुटून येणारा एखादा दादा. पगार शून्य. मैदानाच्या दिव्याचे बिल, स्पर्धेची प्रवेश फी, गुडघ्याचे पट्टे, आता मॅटवर खेळायचे म्हणून वेगळे बूट, बाहेरगावी सामना असला की बारा पोरांचे तिकीट आणि जेवण: हे सारे पावती पुस्तकावर, गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांवर आणि दादाच्या बायकोच्या सहनशीलतेवर चालते.

आणि वजन! किशोर आणि कुमार गटांना वयाची अट असते तशी वजनाचीही असते. शाळेत शिकवणाऱ्याला स्पर्धेचा आठवडा पंचांग न बघता कळतो. मागच्या बाकावरची दोन पोरे डबा उघडत नाहीत. एक जण मधल्या सुट्टीत नळाकडेसुद्धा जात नाही. संध्याकाळी तीच पोरे भर उकाड्यात अंगात रेनकोट घालून किल्ल्याच्या टेकडीला फेऱ्या मारताना दिसतात, घाम गाळून अर्धा किलो उतरवायचा म्हणून. वाढत्या वयाच्या मुलाला चार दिवस उपाशी ठेवून काट्यावर उभे करायचे आणि काटा उतरला की दुसऱ्या तासाला त्याने सूर मारून पकड करावी अशी अपेक्षा धरायची. हे मंडळे करतात, आपलीच मंडळे, आणि आईबाप डोळे मिटून घेतात, कारण दहावीला खेळाचे 25 पर्यंत गुण वाढून मिळतात. लीगला शिव्या देणाऱ्यांनी या काट्यापाशी एकदा येऊन उभे राहावे.

आता बारा जणांचा संघ घ्या. सात मैदानात, पाच राखीव. कागदावर हे बारा जमवणे सोपे. प्रत्यक्षात आमच्याकडच्या कोणत्याही मंडळात जा, चढाई करणारे नऊ भेटतील. टीव्हीवर चढाईपटूच दिसतो. मांडीवर थाप तोच मारतो, मुलाखत त्याचीच होते. कोपरा मात्र ओस. डावा कोपरा, उजवा कोपरा या दोन जागा म्हणजे घराच्या दोन खांबांसारख्या, आणि त्या जागी उभे राहायला आज कोणी तयार नाही. तेथे नाव नाही, मार आहे. समोरचा गडी बोनस रेषेकडे पाय टाकतो तेव्हा तो पाय खरा की हुलकावणी, हे कोपऱ्याला डोळ्याची पापणी लवायच्या आत ठरवावे लागते. पट काढायला वाकला आणि चुकला तर तोंडावर टाच बसते. वाकलाच नाही तर गडी बोनस घेऊन मोकळा. बरे, एकट्याचे ते काम नाही. कोपऱ्याने घोटा धरला की शेजारच्याने त्याच श्वासात अंगावर यावे लागते. अर्धा क्षण उशीर झाला तर चढाईपटू दोघांना घेऊन मध्यरेषेवर पडतो. ही समज फळ्यावर शिकवता येत नाही. दोन पोरे चार-पाच पावसाळे शेजारी उभी राहिली की एकाचा खांदा हलला तरी दुसऱ्याला कळते. आमच्या ओळखीच्या एका मंडळात अशी एक जोडी होती. एकमेकांच्या घरी जेवायची, भांडायची, आणि मैदानात एक शब्द न बोलता लोण चढवायची. त्यांतल्या एकाच्या चाळीचे पुनर्बांधकाम निघाले. घर गेले बदलापूरला. भाडे घ्या आणि तीन वर्षांनी या, असे सांगितले होते. वर्षे मोजायचे आता त्यांनी सोडून दिले आहे. पहिले सहा महिने तो गाडीने येई. कामावरून सुटून शीवला उतरायचे, दीड तास सराव, मग शेवटच्या गाड्यांतली एक धरून मध्यरात्री घर. नंतर तो येईनासा झाला. दुसरा राहिला, पण त्याच्या शेजारी दर सामन्याला नवा माणूस उभा असतो आणि तो अर्धा क्षण काही केल्या भरून येत नाही.

याला लिलाव कारणीभूत नाही. मुंबईतल्या मंडळांचे खेळाडू नेणारी सर्वांत मोठी लीग म्हणजे मध्य रेल्वेची धीमी गाडी. ती कोणाची बोलीही लावत नाही. प्रतीक्षानगरच्या संक्रमण शिबिरात वाढलेल्या पोरांना विचारा, त्यांच्या वर्गातले किती जण आज कल्याणच्या अलीकडे राहतात.

तरीही जे वर पोचतात त्यांच्यापुरता हिशेब मांडलाच पाहिजे. लीगचे संघ 12. प्रत्येकी जास्तीत जास्त 25 खेळाडू. झाले 300, आणि त्यांत हरियाणा आले, तामिळनाडू आले, इराणही आले. हरियाणाची रिंढाणा, दिल्लीच्या वेशीवरचे निजामपूर ही गावे खेळाडूंसाठी प्रसिद्ध झाली, ती तेथे मोकळी जमीन आहे, म्हैस आहे आणि गावाने हा धंदा म्हणून धरला आहे म्हणून. त्या तुलनेत आमचे पोर वडापावावर वाढलेले. एवढे असूनही महाराष्ट्राने जानेवारी 2018 मध्ये हैदराबादला सेनादलाला हरवून राष्ट्रीय विजेतेपद आणले, 11 वर्षांनी. पुणेरी पलटणने तरुण पोरे हाताशी धरली, ती वाढवली, आणि नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली 1 मार्च 2024 ला लीग जिंकली. म्हणजे घडवणे परवडते, हे लीगवाल्यांनाही ठाऊक आहे.

मग घडवण्याचे मोल कोणाला द्यायचे? फुटबॉलच्या जगाने याचे उत्तर कधीच काढले आहे. एखादा खेळाडू करार चालू असताना एका संघाकडून दुसऱ्याकडे विकला गेला की त्या रकमेतला शेकडा 5 हिस्सा, तो 12 व्या वर्षापासून 23 व्या वर्षापर्यंत ज्या ज्या मंडळांत खेळला त्यांना वाटून द्यावा, असा फिफाचा नियम 2001 पासून आहे. त्यात भूतदया नाही, देणगी नाही, शाल-श्रीफळ नाही. हक्काचे पैसे. आमच्यासारख्या मॅट्रिक माणसालाही हा हिशेब जमतो. 2023 च्या लिलावात सर्वांत खालच्या, ड वर्गातल्या खेळाडूची मूळ किंमत 9 लाख होती. तिचे शेकडा 5 म्हणजे 45 हजार. टीव्हीच्या कंपनीला ही रक्कम जाहिरातीच्या एका श्वासाचीही नाही. शीवच्या एखाद्या मंडळाला मात्र ती वर्षभराची अंडी, पट्टे आणि दिव्याचे बिल आहे. पवन सेहरावतच्या आकड्यावर हाच हिस्सा 13 लाख 2 हजार 500 होतो. एवढ्यात गावचे मैदान उभे राहील. पैसा खेळाडूच्या खिशातून काढू नका, संघमालकाने वरून द्यावा. एवढी मागणी मुंबईतल्या मंडळांनी, जिल्हा संघटनांनी, राज्य संघटनेने एकमुखाने करायला काय हरकत होती? पण आमची एकमुखे निवडणुकीपुरती उघडतात.

येथे आपल्याच अंगणात झाडू मारावा लागेल. लीगवाले पोरे पळवतात म्हणून ओरडणारे मंडळ फेब्रुवारीतल्या स्पर्धेसाठी काय करते? कोल्हापूर, ठाणे, रायगड, जेथून मिळतील तेथून तीन "पाहुणे" आणते. त्यांना पाकीट, राहण्याची सोय, मटणाचे जेवण. आणि ज्याने आठ वर्षे माती चाळली तो गल्लीतला पोर बाकावर पाण्याची बाटली धरून बसतो. चषक येतो, चषकाबरोबर नेत्यांचा फ्लेक्स येतो, फ्लेक्सवर बारा खेळाडूंच्या वर अठरा पदाधिकाऱ्यांचे चेहरे असतात. दुसऱ्या दिवशी पाहुणे आपापल्या गावी, आणि बाकावरचा पोर तिसऱ्याच मंडळात. तो गेला की चिटणीस ना हरकत दाखला अडवून बसतो. हा दाखला म्हणजे काय सातबारा आहे? मुलाला खेळवायचे नाही आणि जाऊही द्यायचे नाही, याला आमच्या भाषेत गव्हाणीतला कुत्रा म्हणतात.

जन्मदाखल्यांविषयी लिहीत नाही. शाळामास्तर आहे, काय काय पाहिले ते लिहायला लागलो तर संपादकांना अंक दोन भागांत काढावा लागेल.

गुडघ्याविषयी मात्र लिहितो. माझा एक विद्यार्थी, उत्तम उजवा कोपरा. एका कंपनीच्या संघाने त्याला 11 महिन्यांच्या करारावर घेतले. सातव्या महिन्यात सामन्यात त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. कंपनीने फुलांचा गुच्छ पाठवला आणि करार संपल्यावर नवा केला नाही. मंडळाने सभा घेतली, हळहळ व्यक्त केली. शस्त्रक्रियेचा खर्च आईने पोळ्या लाटण्याच्या कामातून आणि मामाकडून उसने घेऊन केला. आज तो दुचाकीवरून घरोघर जेवणाचे डबे पोचवतो. पोर हसतमुख आहे, "सर, पाय चालतो की!" म्हणतो. विम्याचा कागद मात्र कोणीच केला नव्हता. कंपनीने नाही, मंडळाने नाही, आणि बापाने मुलाला मैदानावर पाठवताना विचारलाही नव्हता.

मुलींचे सांगायचे राहिले, आणि ते नेहमीच राहते. दादरच्या शिवशक्ती महिला संघासारख्या संस्थांनी वर्षानुवर्षे मुली घडवल्या. मुंबईच्या अभिलाषा म्हात्रेला 2015 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. लोअर परळची सोनाली शिंगटे 2018 साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत देशाकडून खेळली. लीगवाल्यांनी 2016 साली मुलींचे तीन संघ करून एक स्पर्धा घेतली खरी, पण पुढल्या वर्षी तिचा मागमूस राहिला नाही. म्हणून मुलींना कोणी पळवत नाही. त्यांच्या संघाला खिंडार पडते ते मार्गशीर्षात आणि वैशाखात. चोविसाव्या वर्षी, म्हणजे कोपरा नुकता पिकू लागतो त्या वयात, स्थळ येते. सासरचे म्हणतात, खेळ आता पुरे, आणि मंडळाची अख्खी साखळी तुटते. हा अंक बहुतेक घरांत आधी सासूबाईंच्या हाती पडतो, असे संपादक सांगतात. त्यांनीच हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा, एवढी विनंती.

आमच्या मंडळाची वार्षिक सभा तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी आहे. तीत मी तीन ठराव लिहून दिले आहेत. पहिला, लिलावाच्या रकमेवर शेकडा 5 हिस्सा मूळ मंडळाला मिळावा म्हणून जिल्हा संघटनेकडे लेखी मागणी करावी. दुसरा, 16 वर्षांखालच्या मुलाला वजनासाठी उपाशी ठेवणाऱ्या प्रशिक्षकाला मैदानावरून काढावे आणि नोंदलेल्या प्रत्येक खेळाडूचा विमा वर्गणीतून उतरवावा. तिसरा, बाहेरचा पाहुणा बारांत एकापेक्षा जास्त नको. पहिल्या दोन ठरावांना चिटणीसांनी लगेच मान डोलावली. तिसरा वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि फेब्रुवारीतल्या स्पर्धेसाठी तीन पाहुण्यांना आगाऊ रक्कम देऊन झाली आहे, असे सांगितले. सभा सायंकाळी 6 ला आहे, मंडळाच्या पत्र्याच्या कार्यालयात. बदलापूरच्या सभासदांना गाडी मिळावी म्हणून ती अर्धा तास उशिरा सुरू करायचे ठरले आहे.